बाग नसलेल्या गावचा माळी

लोक मला अजून फोन करून विचारतात, गुलाब कधी छाटू, जास्वंदीला कीड पडलीय काय मारू, कुंडीतली माती बदलायची का. पेणला एसटी स्टँडच्या मागे माझी छोटी रोपवाटिका आहे. निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून काढली आणि आता तिच्यातून वेळ मिळत नाही. विचारणाऱ्याला मी सरळ उत्तर देतो, कारण झाडांच्या बाबतीत माझा फारसा गोंधळ होत नाही. ज्या दीड वर्षात मी हे सगळं शिकलो, त्या दीड वर्षाबद्दल मात्र मला कुणी विचारलं तर मी काय सांगेन, मला माहीत नाही. त्यातल्या काही गोष्टी मी केल्या आणि त्या का केल्या याचा आज एवढी वर्षं झाली तरी मला पत्ता लागत नाही. लिहून काढलं तर लागेल, असं मुलगी म्हणते. बघू.

आमचं गाव पेण तालुक्यात खाडीकाठी. बा मिठागरावर कामाला. गावात झाड म्हणजे शाळेपुढचं एक भेंडीचं आणि बांधापलीकडे खाडीच्या चिखलातली तिवरं. घरामागे आईने एकदा अळू लावून पाहिलं होतं, ते आठ दिवसांत करपलं. आमच्याकडचं वर्ष मिठाचं होतं. दिवाळी झाली की बांध नीट करायचे, उन्हं तापली की मीठ ओढायचं, पाऊस आला की खाडीलगतच्या खारीत भात लावायचं. पाऊस हा आमच्याकडे एका कामाचा शेवट असे. त्यामुळे पावसाने सुरू होणारं वर्ष मला पहिल्यांदा रोह्याला भेटलं, तेव्हा मला ते उलटं घातलेल्या सदऱ्यासारखं वाटलं होतं.

मी दहावी झालो आणि पुढे काय हे कुणालाच माहीत नव्हतं. माझा मामा रोह्याला कंपनीत होता. त्याने सांगितलं, वसाहतीच्या बागेत रोजंदारीवर माणूस हवाय, पाठवा हसुरामला, पुढचं पुढे बघू. बाने विचारलं की बागेत म्हणजे काय करायचं असतं. मामा म्हणाला, झाडांना पाणी घालायचं. बाला ते काम आहे हेच पटेना. पण त्याच्या पायांना मिठाने पडलेल्या भेगा मी लहानपणापासून बघत होतो आणि त्याने स्वतःही त्या बघितल्या असणार. तो मला एसटीत बसवायला आला आणि खिडकीशी उभा राहून एवढंच म्हणाला, की मामीला त्रास देऊ नकोस.

मामाची चाळीत एक खोली होती आणि ती खोली शिफ्टवर चालायची. मामा तिसऱ्या पाळीला असला की दिवसभर तो झोपलेला आणि आम्ही सगळे कुजबुजत. मामी भाकऱ्यासुद्धा हलक्या हाताने थापायची. तांदळाच्या भाकरीचा आवाज मला इतका सवयीचा होता, की तो आवाज नसलेली भाकरी खाताना पहिले काही दिवस मला ती कच्चीच लागायची. सकाळी कंपनीचा भोंगा व्हायचा, मग मामी एका डब्यात भाकरी आणि सुकट, नाहीतर वालाचं बिरडं भरून द्यायची आणि खुणेनेच सांगायची, सांडू नकोस. पहिल्या पाळीच्या आठवड्यात याच खोलीत रेडिओ, भांडणं आणि फोडण्यांचा असा कल्ला असायचा की मी कामाला जायला उत्सुक असायचो. आजही घरात कुणी दुपारी झोपलं की माझा आवाज आपोआप खाली जातो. बायको म्हणते, अहो, मोठ्याने बोला, कुणी मेलं नाहीय.

वसाहतीची बाग मोठी होती. पुढे साहेब लोकांचे बंगले, मधे हिरवळ, ऑफिसच्या खिडक्यांखाली गुलाबांचे वाफे, आणि मागच्या बाजूला मोगऱ्याचा पट्टा. एक कायमचा माळी होता, पण तो निवृत्तीला आलेला आणि दम्याने बेजार, तो सावलीत बसून असे. वर जाधव म्हणून सुपरवायझर. आणि प्रत्यक्षात बाग चालवायची ठमीबाय.

ठमीबाय डोंगराकडच्या कातकरी वाडीतली. रोजंदारीवर येणाऱ्या चार-पाच बायकांतली एक. वय विचारलं तर तिलाही सांगता आलं नसतं, मला ती आईपेक्षा थोडी मोठी वाटायची. बारीक, काळी, कासोटा घातलेलं लुगडं, दाताला मशेरी. पहिल्या दिवशी जाधवांनी मला तिच्याकडे ढकललं आणि ते निघून गेले. वैशाख संपत आला होता. तिने माझ्या हातात पहार दिली आणि एक रेघ ओढून सांगितलं, इथनं तिथपर्यंत खड्डे. मी दुपारपर्यंत सात खड्डे खणले आणि विचारलं, आता झाडं लावू? ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी भलतंच काही बोललोय. "पोरा, मातीला आधी ऊन खाऊ दे," ती म्हणाली. खड्डे उघडेच ठेवून आम्ही पंधरा दिवस त्यांच्याकडे बघितलंही नाही. बाला पत्र लिहायचं होतं, त्यात काय लिहावं मला सुचेना. खड्डे खणले आणि त्यात काही घातलं नाही, असं कसं लिहायचं?

मग पाऊस लागला आणि काम अंगावर आलं. खड्ड्यांत पालापाचोळा, शेणखत, मग रोपं. कुंपणाची मेंदी, जास्वंदीच्या आणि तगरीच्या फांद्या. फांदी तिरकी कापायची, वरच्या टोकाला शेणमाती लावायची, तीन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मातीत आणि दोन वर. मी एकदा फांदी उलटी लावली, वरचं टोक खाली. तिने खुरप्याची मूठ माझ्या बोटांवर मारली. "तुला डोक्यावर उभा करून जेवायला घातलं तर चालंल?" असं म्हणाली, आणि मग स्वतःच बराच वेळ हसत होती. आषाढात झेंडूची रोपं लावायची म्हणजे तो दसऱ्याला येतो. शेवंतीचे शेंडे खुडायचे आणि गणपती गेले की खुडणं थांबवायचं. श्रावणात गुटी बांधायची, म्हणजे झाडाच्याच फांदीची साल गोल काढून तिथे ओलं शेवाळ गुंडाळायचं, की फांदीला झाडावरच मुळं फुटतात. हे मला जादूसारखं वाटलं. कापण्याआधीच मूळ फुटलेली फांदी. मी तिला विचारलं की झाडाला कळत नाही का आपली फांदी आता जाणार. ती म्हणाली, तुझ्या आईला कळलं नव्हतं काय?

एक गोष्ट तिला कधीच पटली नाही, ती म्हणजे हिरवळ. गवत पेरायचं, त्याला पाणी घालायचं, ते वाढलं की कापायचं आणि कापलेलं गुरांना न देता फेकून द्यायचं. साहेबांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं तिचं स्पष्ट मत होतं. ती कापलेलं गवत लुगड्यात बांधून वाडीवर न्यायची, जाधव ओरडायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा न्यायची. गुलाबही तिला आवडत नसे, पण छाटायची मात्र तीच. दसऱ्याच्या मागेपुढे पाऊस उघडला की गुलाबाची छाटणी. मला तेव्हा वाटायचं की तिला आवडत नाही म्हणून ती इतकं निर्दय कापते. पण महिन्याभरात फुटवे यायचे आणि मी पुन्हा बुचकळ्यात. (आता दसऱ्यालाही पाऊस असतो, दिवाळीतही असतो, आणि गिऱ्हाईक मला तारीख विचारतं. मी सांगतो, तारीख नाही, चार दिवस कोरडे गेले की छाटा. माझ्या तोंडून हे तिचंच बोलणं येतं आणि दरवेळी मला थोडं चोरल्यासारखं होतं. का, ते पुढे येईल.)

थंडीत मोगऱ्याचं पाणी तोडायचं. एरवी रोज पाणी घालायचं आणि ऐन थंडीत ते बंद करायचं, झाड उपाशी ठेवायचं. पानं पिवळी पडून गळतात. मग छाटून, मुळाशी माती उकरून, खत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं, म्हणजे उन्हाळ्यात कळ्यांनी लगडतो. मी पाणी तोडताना होतो. पण पुन्हा कधी सुरू करायचं ते बघायच्या वेळी मी गावाला होतो, थोरल्या बहिणीच्या लग्नाला. परत आलो तेव्हा छाटून झालं होतं आणि पाटाला पाणी होतं. मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी ती असणारच, असं मनात असावं. तसं काही मनात होतं की नव्हतं, हेही आता सांगता येत नाही.

दुसऱ्या वर्षी तो म्हातारा माळी निवृत्त झाला. त्याच्या जागी माणूस घ्यायचा होता आणि दहावी पास हवा अशी अट होती. मामाने अर्ज भरला, मी सही केली. ठमीबायला घ्यावं असं जाधवांच्या डोक्यात आलं नाही, साहेबांच्या आलं नाही, आणि माझ्याही आलं नाही. तिच्या आलं होतं का, कोण जाणे. मी तिला सांगितलं की मला मुलाखतीला बोलावलंय, तर तिने माझे हात बघितले आणि म्हणाली, नखं काढून जा.

मुलाखत वसाहतीच्या ऑफिसातच होती. वसाहतीचं सगळं बघणारे प्रधान साहेब खिडकीशी बसलेले. खिडकी उघडी होती आणि खाली गुलाबाच्या वाफ्यात ठमीबाय छाटणी करत होती. कैचीचा आवाज मला सगळा वेळ येत होता. साहेबांनी एकेक महिना विचारला. जूनमध्ये काय करशील, ऑगस्टमध्ये काय. मी सांगत गेलो. शेणमाती, तीन डोळे, शेंडे, गुटी, कोरडे चार दिवस. मलाच आश्चर्य वाटत होतं की हे सगळं माझ्या आत आहे. साहेब खूश झाले. खुर्चीत मागे रेलून त्यांनी विचारलं, "हे कुणाकडून शिकलास?"

मी म्हणालो, "वडिलांकडून. घरची बाग आहे आमची."

असं मी का म्हणालो? मी या प्रश्नाभोवती किती वेळा फिरलोय. मला वाटलं असावं की कातकरणीकडून शिकलो म्हटलं तर ते शिक्षण धरणार नाहीत. किंवा बाला मोठं करावंसं वाटलं असेल. किंवा नुसतीच जीभ घसरली. मी खोटं बोलायचा विचार करून आत गेलो नव्हतो, एवढं मात्र खरं. खाली कैचीचा आवाज त्या वेळी थांबला होता का, हे मी फार आठवून बघितलंय. कधी मला आठवतं की थांबला होता. कधी आठवतं की तो शेवटपर्यंत येत होता.

मी बाहेर आलो तेव्हा तिने कैची माझ्या हातात दिली. झालं का, धर, उरलेले चार तू कर, असं म्हणून ती मशेरी लावायला नळाकडे गेली. रोजच्यासारखंच.

मला घेतलं. मामीने शेवयांची खीर केली आणि त्या दिवशी मामा झोपलेला असूनही ती मोठ्याने बोलली. दुसऱ्या दिवशी जाधवांनी सहज सांगितलं की आता कायमचा माणूस आला, तेव्हा दिवाळीनंतर रोजंदारीच्या दोन बायका कमी होतील. त्या दोघींत ठमीबाय होती. मी विचारलं, तीच का? ते म्हणाले, तिला जे येतं ते तुला येतंच की, आणि गवताची चोरीही बंद होईल. तिथे उभा राहून मी विचार करत होतो की हे माझ्यामुळे झालं का, आणि झालं असेल तर नेमकं कशामुळे, जागा मिळाल्यामुळे की त्या एका वाक्यामुळे. तोवर जाधव निघून गेले होते.

शेवटच्या दिवशी तिने खुरपं धुऊन अवजारांच्या खोलीत ठेवलं आणि मला पहिल्यांदा "माळीदादा" म्हटलं. "येते माळीदादा." ती चिडली होती, की थट्टा करत होती, की नव्या माणसाला नव्या नावाने हाक मारावी एवढंच तिच्या मनात होतं? तिच्या चेहऱ्यावरून मला कधीच काही वाचता आलं नाही. झाडावरून तिला सगळं वाचता यायचं आणि मला तिच्यावरून काही नाही.

थंडी पडली. मी मोगऱ्याचं पाणी तोडलं. आठ-दहा दिवसांत पानं पिवळी पडायला लागली आणि माझी झोप उडाली. गळालेल्या पानांचा थर बघितला की सगळा पट्टा माझ्या हातून मरतोय असं वाटायचं. बाराव्या दिवशी मी घाबरून पाणी सोडलं. झुडपं तरारली, आठवडाभरात हिरवीगार झाली आणि मी खूश. मग महिना गेला. पानंच पानं. कळीचा पत्ता नाही. जाधव येऊन बघून गेले आणि म्हणाले की घरच्या बागेत मोगरा नव्हता वाटतं. माझ्याशी ते एवढंच बोलले, पण मी त्यानंतर दोन दिवस नीट जेवलो नाही.

ठमीबायचा ठावठिकाणा मी तिच्या वाडीवर जाऊन काढला. वाडीत म्हातारी माणसं तेवढी उरली होती. त्यांनी सांगितलं की नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेलीय, पेणच्या अंगाला. जी भट्टी त्यांनी सांगितली, ती आमच्या गावापासून पायी तासाभराच्या वाटेवर होती. रविवारी मी एसटीने घरी गेलो. बाला सांगितलं की भट्टीवर एका बाईला भेटायचंय. कशाला ते त्याने विचारलं नाही. वाट मला ठाऊक होती तरी तो बरोबर निघाला. वाटेत तो मिठाबद्दल बोलत होता, यंदा ऊन लवकर तापलंय वगैरे. मी मनात वाक्यं जुळवत होतो. काय सांगायचं होतं मला? चुकलो म्हणायचं होतं, की मोगऱ्याचं विचारायचं होतं? मी दोन्ही घेऊन चाललो होतो आणि कुठलं आधी काढायचं ते ठरत नव्हतं.

ती चिखल तुडवत होती. गुडघ्यापर्यंत लाल. मला बघून थांबली, बाहेर आली, पाय न धुताच आमच्यासाठी विटांच्या ढिगाच्या सावलीत एक पोतं अंथरलं. नवऱ्याला हाक मारून कोरा चहा ठेवायला सांगितला. मी म्हटलं, हे माझे वडील. तिने पदर डोक्यावर ओढला आणि बाच्याकडे बघून अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुमची बाग कुठशी हाय?"

म्हणजे तिने ऐकलं होतं. किंवा जाधवांनी सगळ्यांना सांगितलं असेल. मी खाली बघत राहिलो. बा माझ्याकडे बघतोय हे मला कळत होतं.

"बाग?" बा म्हणाला. "आमची नाय गो बाय बाग. आम्ही मिठागराची माणसं. घरामागं तिवरं हायत, तेवढीच."

ती माझ्याकडे वळली. "मंग तू शिकलास कुणाकडं?"

तोच प्रश्न. प्रधान साहेबांनी विचारलेला, अगदी तोच. तिने तो मुद्दाम विचारला, की खरंच तिला कळेना झालं होतं? ती खरोखरच धरून चालली असेल का, की या पोराच्या बापाची कुठेतरी बाग आहे आणि त्याला सगळं आधीपासून येत होतं, आपण शिकवलं ते उगाचच?

"तुझ्याकडनं," मी म्हणालो.

तिने मान हलवली, जशी कुणी पाऊस थांबला सांगितल्यावर हलवतं. मग चहा आला. मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल, पण तिने विचारलं ते मोगऱ्याचं. मी अजून विषयही काढला नव्हता. "पाणी लवकर सोडलास ना?" मी हो म्हणालो. तिने शेजारच्या कुंपणाची एक वाळकी काडी ओढली आणि अंगठ्याच्या नखाने तिची साल खरवडून दाखवली. पान पिवळं पडू दे, गळू दे, भिऊ नको. रोज एक काडी अशी खरवडून बघ. आत हिरवं हाय तोवर झाड जितं हाय. पानं सगळी गेली आणि आत अजून हिरवं हाय, की मग छाट आणि पाणी दे. आता पुन्हा तोड पाणी. उशिरा येतील, पण येतील. एवढं सांगून ती उठली, कारण भट्टीचा माणूस इकडे बघत होता. मला जे बोलायचं होतं ते तसंच राहिलं. मी तिच्या मागे दोन पावलं गेलोही, पण ती चिखलात उतरली होती आणि चिखल तुडवणाऱ्या माणसाला उभं राहून चुकलो म्हणणं मला जमलं नाही.

परतताना मिठागराचा बांध लागल्यावर बा म्हणाला, "तिकडं बाग सांगितलीस व्हय आपली?"

मी हो म्हटलं.

आणखी पंधरा-वीस पावलं गेल्यावर त्याने विचारलं, "झाडं कुठली सांगितलीस?"

मी म्हटलं, झाडं नाही सांगितली, नुसती बाग. तो विचारात पडला. "आंबा तरी सांगायचा," असं म्हणाला, आणि पुढे या विषयावर तो आयुष्यात कधी बोलला नाही. तो रागावला होता की त्याला बरं वाटलं होतं? त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आईला मी एकदा विचारलं होतं, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी पाणी पुन्हा तोडलं. रोज एक काडी खरवडली. वैशाखात मोगरा आला, उशिरा आणि नेहमीच्या निम्म्याने, पण आला. त्याआधी एक दिवस धीर करून मी प्रधान साहेबांकडे गेलो होतो. सांगितलं की आमची बाग नाही, मी ठमीबायकडून शिकलो, तिला परत घ्या. मला वाटलं होतं की ते रागावतील, कदाचित काढूनही टाकतील. ते म्हणाले, "मग काय झालं? काम येतंय ना?" आणि फाईलकडे वळले. मी दारात उभा राहिलो. एवढं मोठं ओझं मी इतके महिने उचललं होतं आणि ते ठेवायला गेलो तर समोरच्याला ते दिसतच नव्हतं. परत घ्यायचं म्हटलं तर ते जाधवांना विचारा म्हणाले. जाधवांना मी विचारलं. मग पुन्हा विचारलं. शेवटी कंटाळून ते म्हणाले की पावसाळ्याचे चार महिने घेऊ, लावणीला माणसं लागतातच. त्याहून जास्त मला कधीच मिळवता आलं नाही. पुढे कितीतरी वर्षं ती पावसाला यायची आणि दिवाळीनंतर भट्टीवर जायची, आणि मी बाराही महिने सावलीत होतो. हे न्यायाचं झालं असं मी म्हणत नाही. मी जेवढं ओढलं तेवढं पुरेसं होतं का, आणखी ओढता आलं असतं का, हे मला सांगता येत नाही.

त्या जूनमध्ये ती आली त्या सकाळी पाऊस पडून गेला होता. रोजंदारीच्या बायकांची हजेरी आता माझ्याकडे होती. वहीत जाधवांनी नावं लिहून दिली होती. मी वाचत गेलो आणि एका नावाशी अडखळलो, ठमी चंदर वाघमारे. दीड वर्ष तिच्या हाताखाली राहून मला तिचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. ते मी मोठ्याने वाचलं. ती बायकांच्या रांगेत शेवटी उभी होती. "हाय," म्हणाली.

हजेरी झाली तरी बायका हलेनात. काम सांगायचं होतं. जाधव व्हरांड्यात चहा पीत उभे होते. ठमीबायने विचारलं, "काय काम हाय, माळीदादा?"

जे काम मी सांगणार होतो ते तिनेच मला सांगितलेलं होतं, शब्दासकट. मी पुढे होऊन हळूच म्हणालो, "तूच सांग."

तिने मागे व्हरांड्याकडे पाहिलं. मग माझ्याहून हळू आवाजात, पण खुरप्याची मूठ मारताना असायची तशा धारेने म्हणाली, "असं बोलायचं नाय. सगळ्या बघतायत. नीट उभा रहा आणि सांग."

मी नीट उभा राहिलो. मोठ्याने म्हणालो की कुंपणाच्या कडेने जास्वंदीच्या फांद्या लावायच्या आहेत, तिरक्या कापून, तीन डोळे मातीत. जणू हे पहिल्यांदाच ऐकतेय असं तिने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग कासोटा खोचला, खुरपं उचललं आणि बाकीच्या बायकांना घेऊन कुंपणाकडे गेली.